कंपाउंडच्या भिंतीसाठी सदाहरित वेल: नाशिकच्या उन्हात आणि थंडीत टिकेल अशी निवड

जुलैमध्ये कुठल्याही नर्सरीत शिरा, प्रत्येक वेल टवटवीत दिसते. त्या दिवसांत फुलाकडे बघून घेतलेली वेल पुढच्या मे महिन्यात करपते, नाहीतर जानेवारीत पानं टाकून सगळी भिंत उघडी पाडते, आणि मग दोष जातो माळ्यावर किंवा पाण्यावर. वेल ठरवायची ती भिंतीवरून. भिंतीचं तोंड कुठे आहे, ती कशाची बांधली आहे आणि वेल तिला धरणार कशी, हे आधी. फूल, वास आणि रंग त्यानंतर.

सदाहरित वेलीचीही पानं गळतात, फक्त सगळी एकदम गळत नाहीत. नाशिकमध्ये तिची परीक्षा वर्षातून दोनदा होते. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो, निफाडकडे तर आणखी खाली. एप्रिल-मेमध्ये तोच ४० पर्यंत चढतो आणि हवा कोरडी असते. कोकणात बारा महिने हिरवीगार राहणारी वेल इथे तशीच राहील असं धरून चालू नका. घ्यायची म्हणता ती वेल जवळपासच्या कॉलनीत कुणाकडे तरी असतेच. ती जानेवारीत आणि मे अखेरीस एकदा बघून या. नर्सरीवाल्याला दहा प्रश्न विचारण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

भिंतीचं तोंड

वेल ज्या अंगाला चढणार ते अंग कुठल्या दिशेला आहे ते बघा. घर कुठल्या दिशेला आहे याचा इथे संबंध नाही.

पूर्वेकडे तोंड असलेली भिंत सगळ्यात सोपी. सकाळचं ऊन मिळतं, दुपारी सावली येते, जवळजवळ कुठलीही वेल चालते. एकच भानगड असते. नाशिकला पावसाचा मारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे सहा फुटी भिंतीच्या पूर्व अंगाला पायथ्याशी दीड-दोन फुटांचा पट्टा भर पावसाळ्यातही कोरडा राहतो. अंगणात चिखल झालेला असतो आणि वेलीचं बूड मात्र तहानलेलं. ऑगस्टमध्येही बोटभर माती उकरून बघत जा.

पश्चिमेची भिंत सगळ्यात अवघड. एप्रिलच्या दुपारी तापलेलं प्लास्टर हाताला चटका देतं आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहतं. कोवळी मुळं भिंतीला चिकटवून चढणाऱ्या वेली इथे पहिल्याच उन्हाळ्यात भाजतात. या भिंतीला तारेवर चढणारी, मूळची उन्हातली वेल द्या, म्हणजे पानं आणि भिंत यांच्यात हवा खेळती राहील.

दक्षिणेच्या भिंतीला हिवाळाभर ऊन असतं. थंडीत मलूल होणाऱ्या वेलींना ती मानवते. उत्तरेच्या भिंतीचं गणित थोडं वेगळं आहे. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मे-जूनमध्ये या भिंतीला ऊन लागतं, पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिथे ऊन फिरकतही नाही. फुलांची आशा न धरता केवळ पानांसाठी वेल लावायची ती इथे.

वेल भिंतीला धरते कशी

काही वेली मुळांनी थेट भिंतीला चिकटतात. काही तणावे फेकून तार पकडतात, काही आधाराभोवती विळखा घालतात, आणि काही नुसत्या टेकून, काट्यांच्या जोरावर वर जातात. चिकटणारीला तार लागत नाही, पण भिंत खडबडीत आणि निरोगी हवी. बाकी तिन्ही प्रकारांना तार किंवा जाळी लागतेच. बोगनवेल भिंतीजवळ लावली की आपोआप चढेल, असं कित्येकांना वाटतं. ती चढत नाही. बांधली नाही तर पुढे झुकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे ओढते.

भिंत कशाची आहे तेही बघा. ९ इंची वीटबांधकाम किंवा काळ्या दगडाची भिंत असेल तर भारी वेलही पेलते. साडेचार इंची भिंतीवर मात्र भारी वेल थेट टांगू नका. पावसात भिजलेल्या वेलीचं वजन बरंच वाढतं, आणि वळवाच्या वाऱ्यात अख्खी वेल शिडासारखी फुगून भिंतीला ओढते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांसारखं चुन्यातलं बांधकाम असेल तर चिकटणारी वेल अजिबात नको. मुळं मऊ चुन्यात शिरतात आणि वेल काढायची वेळ आली की सांधे घेऊनच बाहेर येतात.

मग लावायची कुठली

तोंड पश्चिमेला किंवा दक्षिणेला असेल, ऊन भरपूर असेल आणि तार मारायची तयारी असेल, तर आमची पहिली पसंती संक्रांतवेल. नर्सरीत ती पायरोस्टेजिया या नावानेही मिळते. बरोबर संक्रांतीच्या सुमारास नळीसारख्या केशरी फुलांनी अंग झाकून घेते आणि बहर फेब्रुवारीपर्यंत चालतो. नाशिकची कोरडी थंडी तिला मानवते, उरलेले महिने गर्द हिरवी राहते, आणि तणाव्यांनी तार स्वतःच पकडत असल्यामुळे बांधाबांध कमी. दोन रोपांत ३ मीटर अंतर पुरतं. दोष एवढाच की ती दांडगी आहे. दरवर्षी छाटली नाही तर सगळी हिरवळ भिंतीच्या डोक्यावर गोळा होते आणि खाली वाळक्या काटक्यांचं जाळं उरतं.

पूर्वेच्या भिंतीला लसूणवेल. पान चुरगळलं की लसणाचा वास येतो, म्हणून हे नाव. फुलांना तो दर्प तसा जाणवत नाही. पावसाळा सरल्यावर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जांभळ्या फुलांचे घोस येतात आणि जुनी होत जातील तशी ती फुलं फिकट पडतात, त्यामुळे एकाच वेलीवर दोन-तीन छटा दिसतात. हीसुद्धा तणाव्यांनी चढते, पण संक्रांतवेलीपेक्षा पुष्कळ शहाणी. छोट्या बंगल्याच्या पंधरा-वीस फुटांच्या भिंतीला हिच्याइतकी सोयीची वेल नाही. अंतर २ ते अडीच मीटर ठेवा. पहिलं वर्ष ती नुसती बसून असते. घाबरून खत ओतू नका.

उत्तरेच्या भिंतीला, आणि सावलीतल्या पूर्वेच्या भिंतीलाही, फायकस प्युमिला. नर्सरीत हिला क्रीपिंग फिग, फायकस रेपन्स किंवा नुसतं वॉल क्रीपर म्हणतात. नखाएवढी पानं भिंतीला लेप दिल्यासारखी चिकटतात, तार-खिळे काही लागत नाही. दोन रोपांत ६० ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर सहा फुटी भिंत तिसऱ्या वर्षी भरते. मात्र ती कुठे लावू नये याची यादी लांबलचक आहे. घराच्या भिंतीवर नको, तडे गेलेल्या प्लास्टरवर नको, पोपडे धरलेल्या रंगावर नको. गुळगुळीत ॲक्रिलिक इमल्शनवर ती नीट धरतच नाही, धरलीच तर एखाद्या दिवशी रंगासकट गळून पडते. हिचं आणखी एक लक्षण ध्यानात ठेवा. भिंतीच्या माथ्यावर पोचली की ती रूप बदलते. जाड, लाकडी फांद्या भिंतीपासून आडव्या बाहेर येतात आणि पानं तिप्पट-चौपट मोठी, जाडजूड होतात. ही दुसरीच वेल नसते, तीच वयात आलेली असते. त्या फांद्या वर्षातून दोनदा, जिथून फुटतात तिथेच छाटल्या तरच भिंतीवरचा लेप पातळ राहतो. छाटताना पांढरा चीक येतो, काहींच्या त्वचेला तो खाजतो. हातमोजे घाला.

कर्टन क्रीपरची सध्या चलती आहे. तिच्या बारीक, लांब फांद्या वरून खाली पडद्यासारख्या सोडलेल्या शोभतात. फूल नाममात्र, घ्यायची ती केवळ हिरव्या पडद्यासाठी. अडचण तिच्या कुंडीची. भिंतीच्या माथ्यावर १ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल पेटी ठेवली तर तिच्यात ९० लिटर माल मावतो. ओल्या मातीचा तोच दीडशे किलोच्या घरात जातो, कोकोपीट मिसळलं तरी शंभरच्या आसपास राहतो. साडेचार इंची भिंतीवर अशा पाच पेट्या ठेवणं म्हणजे धोका विकत घेणं. त्यापेक्षा भिंतीच्या मागच्या अंगाला जमिनीत लावा, माथ्यापर्यंत दोरीने वर न्या आणि मग पुढच्या बाजूला सोडा. अंतर ४५ सेंटिमीटर. ऊन हवंच, सावलीत पडदा विरळ होतो.

नाशिकमध्ये ज्याला सर्रास मधुमालती म्हणतात ती बहुतेक वेळा रंगून क्रीपर असते. संध्याकाळी उमलणारं पांढरं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होतं, आणि वास अंगणभर पसरतो. वास हवा असेल तर जरूर लावा, पण बारमाही हिरव्या भिंतीची अपेक्षा ठेवू नका. जानेवारी-फेब्रुवारीत ती बरीच पानं टाकते. गळलेल्या पानांचे देठ टणक होऊन काट्यासारखे उरतात आणि त्यांच्या जोरावर ती पुढे सरकते, म्हणून जुन्या वेलीत उघडा हात घालू नये. पाच-सहा वर्षांत बुंधा मनगटाएवढा होतो. भक्कम ९ इंची भिंत आणि १० नंबरची जाड तार असेल तरच. माधवी नावाच्या वेगळ्याच देशी वेलीलाही काही ठिकाणी मधुमालती म्हणतात, तेव्हा नर्सरीत नावावर न जाता फुलाचा रंग विचारून घ्या.

बोगनवेल सुरक्षेसाठी उत्तम. काटेरी भिंतीवर चढायची हिंमत कुणी करत नाही, आणि मुरमाड जमिनीतही ती तग धरते. पण बुडाशी उघडी पडते आणि ऐन बहरात पानं कमी होतात, त्यामुळे झाकणारी वेल म्हणून तिला दुसरा क्रमांक. फाटकाजवळ किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेला लागून नको.

जाई आणि जुई वासासाठी लावाव्यात, संपूर्ण भिंत झाकण्यासाठी नाही. कृष्णकमळ झपाट्याने वाढतं, पण एका विशिष्ट फुलपाखराच्या काटेरी अळ्या त्याची पानं आठवड्यात फस्त करतात, आणि चार-पाच वर्षांत वेल थकते. आयव्ही इथल्या उन्हाळ्यात टिकत नाही, घरातल्या कुंडीतच ठेवा. मनीप्लांट उघड्यावरच्या थंडीत काळं पडतं. पिवळी अलामांडा थंडीत रोडावते, शिवाय तिचा चीक विषारी, तेव्हा लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तिथे नकोच. गुळवेल औषधी म्हणून लावा, पण हिवाळ्यात ती पानं झाडून मोकळी होते. अँटिगोनॉन, म्हणजे गुलाबी फुलांची आइसक्रीम क्रीपर, जमिनीत कंद करते. एकदा आली की शेजाऱ्याच्या बागेतूनही जात नाही.

तार मारणं

नाशिककराला या कामात एक आयती सोय आहे. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी या द्राक्षपट्ट्यातल्या दुकानांत जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार), अँगल, तार ताणायचं साहित्य, सुतळी, ड्रिपर सगळं एका जागी मिळतं. बागेच्या शोभिवंत जाळ्यांवर पैसे घालवू नका. त्यातल्या लाकडी जाळ्या दोन पावसाळ्यांत कुजतात.

६ मीटर लांब, सहा फूट उंच भिंतीसाठी हिशोब असा. १२ नंबरची जीआय तार, म्हणजे साधारण २.६ मिलिमीटर जाडीची, एका किलोत २३ मीटर भरते. चार आडव्या ओळींना २४ मीटर आणि टोकांचे पीळ धरून दीड किलो घ्या. पहिली ओळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, मग ९०, १३५ आणि १७५ वर. प्रत्येक ओळीत दर दीड मीटरला एक आय हुक, म्हणजे ओळीला पाच आणि एकूण वीस. हुक भिंतीपासून ५ ते ७ सेंटिमीटर बाहेर राहतील एवढ्या लांबीचे घ्या. हे अंतर महत्त्वाचं आहे. तार भिंतीला टेकली तर तणाव्यांना पकडायला जागा मिळत नाही, मागे हवा खेळत नाही आणि प्लास्टर ओलं राहतं.

ड्रिलने प्लास्टर ओलांडून विटेत किमान ५ सेंटिमीटर खोल भोक पाडा, भुकटी फुंकून काढा, रावळ प्लग ठोका आणि मग हुक फिरवा. भुकटी आत राहिली तर प्लग पकड घेत नाही. टोकाचे हुक शक्यतो आरसीसी पिलरमध्येच घ्या, कारण ताणाचा सगळा भार त्यांच्यावर येतो. पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत प्लग धरत नाहीत आणि साडेचार इंची भिंतीवर भार टाकायचा नाही. अशा दोन्ही ठिकाणी द्राक्षबागेत लावतात तसे लोखंडी अँगल भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर, दर अडीच मीटरला, ६० सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये गाडा आणि तार त्यांच्यावर ताणा. भिंत मोकळी राहते, रंगवायलाही बरं पडतं.

भिंतीची डागडुजी आणि रंगकाम वेल लावायच्या आधी उरकून घ्या. नंतर ब्रश घालायला जागा उरत नाही.

खड्डा आणि माती

भिंतीच्या पायथ्याची माती बहुधा माती नसतेच. बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे आणि विटांचे तुकडे तिथेच पुरलेले असतात. सिमेंटमुळे ती जागा चुनखडी होते, त्यात बोअरचं पाणी जड असेल तर आणखी भर पडते. परिणाम दिसतो तो कोवळ्या पानांवर. पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही, म्हणून युरिया टाकून काही होत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरला १ ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी परत.

खड्डा भिंतीपासून ४५ सेंटिमीटर दूर घ्या. फायकस प्युमिलाला मात्र १५-२० सेंटिमीटर अंतर चालतं, कारण तिला लगेच भिंत धरायची असते. आकार दोन फूट लांब, रुंद आणि खोल. निघालेला राडारोडा फेकून द्या. चांगली माती अर्धी, चार घमेली कुजलेलं शेणखत, चार घमेली जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि पाव किलो निंबोळी पेंड एकत्र कालवा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. हातात घेतल्यावर ते भुसभुशीत, काळपट आणि वास नसलेलं लागलं पाहिजे. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या येतात. त्या मुळं खातात आणि वेल वरून पाणी कमी पडल्यासारखी सुकते. पाणी वाढवलं की उरलीसुरली मुळंही सडतात.

जमीन चिकण काळी असेल तर खड्ड्याच्या बाजू कुदळीने खरवडून घ्या. गुळगुळीत कापलेल्या काळ्या मातीत भुसभुशीत मिश्रण भरलं की पावसाळ्यात पाणी आत शिरतं आणि बाहेर जात नाही. अशा जागी रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंचावर बसवा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. भेगा पडतात तेव्हा कोवळी मुळं तुटतात, म्हणून पालापाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं ७-८ सेंटिमीटरचं आच्छादन वर्षभर ठेवा. बुंध्यापासून मात्र ते चार बोटं लांब.

रोप निवडणं आणि लावणं

आठ फूट उंच वाढवलेलं, काठीला गुंडाळलेलं रोप महाग असतं आणि तेच बहुधा निराश करतं. पिशवीत त्याची मुळं गोल फिरून घट्ट झालेली असतात. दोन-तीन फुटांचं, बुडापासून तीन-चार फुटवे असलेलं रोप घ्या. पिशवी उलटी करून तळ बघा. जाड मुळं बाहेर आली असतील तर ठेवून द्या. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे मिलीबग, तेही घरी आणू नका.

लावणी पाऊस जमिनीत मुरला की. मृग कोरडा गेला तर आर्द्राची वाट बघा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतं. ते जमलं नाही तर फेब्रुवारीत, थंडी ओसरल्यावर लावा. डिसेंबर-जानेवारीत मुळं चालत नाहीत, एप्रिल-मेमध्ये पान टिकत नाही.

फायकस प्युमिला लावल्यावर तिच्या फांद्या जमिनीपासून बोटभर ठेवून छाटून टाका. जिवावर येतं, पण तिचं जुनं लाकूड भिंतीला चिकटत नाही, नवा फुटवाच चिकटतो. न छाटलेली रोपं भिंतीशी अंतर ठेवून महिनोन्‌महिने लोंबत राहतात.

तारेवरच्या वेलींना वळण देण्याची रीत द्राक्षबागेतून उचलावी. नुसतं वर जाऊ दिलं तर वेल धावत माथ्यावर जाते, फुलं तिथेच येतात आणि खालची चार फूट भिंत नागडी राहते. म्हणून एक मुख्य फांदी सरळ वाढवा आणि ती पहिल्या तारेला पोचली की शेंडा खुडा. खालून फुटवे येतील. त्यातले दोन निवडून एक डावीकडे, एक उजवीकडे तारेवर आडवे बांधा, म्हणजे हे झाले ओलांडे. तिसरा फुटवा सरळ वर दुसऱ्या तारेकडे न्या आणि तिथे परत तेच करा. आडव्या फांदीच्या डोळ्याडोळ्यातून काड्या फुटतात आणि भिंत तळापासून भरत जाते. पहिल्या वर्षी दोन तारा झाल्या तरी पुष्कळ. बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी घ्या, तार आणि फांदी यांच्यात आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन सैल बांधा. नायलॉनची दोरी साल कापत आत शिरते आणि वरची फांदी अचानक वाळते.

पाण्याला प्रत्येक रोपाशी तासाला ४ लिटर देणारे दोन ड्रिपर, बुंध्यापासून एकेका बाजूला ३० सेंटिमीटरवर. पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड तासभर. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा पुरतं. रोज थोडं थोडं पाणी देण्याची सवय वाईट, मुळं वरच राहतात आणि सुट्टीत चार दिवस गावाला गेलात की वेल माना टाकते.

छाटणी आणि देखभाल

संक्रांतवेल बहर संपताच, फेब्रुवारी अखेर ते मार्चमध्ये छाटा. ओलांडे राखून बाकीच्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर आणा. पुढच्या संक्रांतीची फुलं नव्या काड्यांवर येतात, म्हणून नोव्हेंबरमध्ये कात्री चालवली तर बहर हातचा जातो. लसूणवेलीला फुलं संपल्यावर हलकी छाटणी पुरे. रंगून क्रीपर फेब्रुवारीत कडक छाटली तरी उभारी घेते. खत वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, दोन किलो शेणखत आणि शंभर ग्रॅम निंबोळी पेंड. युरिया दिला तर पानं माजतात, फुलं रुसतात आणि मऊ कोंबांवर मिलीबग जमतो. मिलीबग दिसला तर आधी मुंग्यांची रांग शोधा, कारण मुंग्याच त्याची राखण करतात. मग लिटरला ५ मिलिलिटर नीम तेल आणि १ मिलिलिटर पातळ साबण मिसळून संध्याकाळी, पानांच्या पाठीमागेही, फवारा. भर उन्हात फवारलं तर पान भाजतं.

भिंतीचा खालचा एक फूट कायम मोकळा ठेवा. दाट पानांच्या बुडाशी उंदीर येतात, आणि उंदरांमागून साप. मोकळ्या पट्ट्यात वाळवीचे मातीचे माग चढताना लगेच दिसतात. मीटरची पेटी, कॅमेरा आणि सर्व्हिस वायर यांच्याभोवतीही दोन फूट मोकळे हवेत.

दिवाळीआधी आणि मे अखेरीस पानं बाजूला सारून आतली भिंत एकदा तपासा. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ आणि उंबर भिंतीच्या सांध्यात रुजतात आणि वेलीआड वर्ष-दोन वर्षं कुणाच्या नजरेस पडत नाहीत. बोटभर असताना मुळासकट उपटता येतात. अंगठ्याएवढे झाले की भिंत फोडल्याशिवाय निघत नाहीत.

फायकस प्युमिला कधी काढायची झालीच तर हिरवी असताना ओढू नका, प्लास्टर सोबत येतं. बुंधा जमिनीलगत कापा, तीन-चार आठवडे जागच्या जागी वाळू द्या, मग वरून खाली सोलत आणा. भिंतीवर मुळांचे तपकिरी ठसे राहतात. ते ओले करून तारेच्या ब्रशने घासा आणि नवा रंग देण्याआधी प्रायमर मारा. कापलेल्या बुंध्यातून पावसाळ्यात परत फुटवे येतात, ते दिसतील तसे खुडत राहावं लागतं.